तीन फोनांचा कौल

दर सोमवारी मुरबाड-शहापूर रस्त्यावरच्या त्या मठापुढे जीपा, रिक्षा आणि दुचाक्या अशा लागायच्या, की एसटीच्या ड्रायव्हरला खाली उतरून माणसं बाजूला करावी लागायची. आत मांडवात मुंगीला शिरायला जागा नाही. पुढे चौरंग, चौरंगावर लाल कापड, कापडावर झेंडूच्या फुलांचं रिंगण, आणि रिंगणात ना मूर्ती ना पादुका. तिथे ठेवलेले असायचे तीन मोबाईल फोन.

गादीवर विषहरनाथ महाराज. दाढी तेल लावून चोपून बसवलेली, गळ्यात रुद्राक्षांचं ओझं आणि गालाला चिकटलेला माईक. महाराजांचा दावा एकच. कसलाही साप चावू दे, मंत्र आणि मणी लावून विष उतरवतो. असे दावे करणारे आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. पण या महाराजांकडे साक्षीदार असा होता, की भल्याभल्यांची वाचा बसायची.

"माझा फोन नको, माझ्या शिष्याचा नको," महाराज गरजायचे. "तुमच्यातलेच तिघं उठा. तुमचा फोन, तुमचा आवाज. पोथी खोटी म्हणाल, बाबा खोटा म्हणाल. पण यंत्राला ना आई ना बाप, ना लाच ना लालूच. साऱ्या जगाचं ज्ञान त्याच्या पोटात. विचारा त्यालाच!"

तिघं उठायचे. एकजण फोन तोंडाशी धरून विचारायचा, साप चावला तर काय करू? आणि फोनातली बाई गोड आवाजात सांगायची, "तुमच्या जवळ विषहरनाथ सर्पदंश उपचार केंद्र आहे. पाचपैकी चार पूर्णांक नऊ तारे. सध्या उघडं आहे. साप चावल्यास रुग्णाला ताबडतोब या केंद्रात न्यावं." दुसरा विचारायचा, तेच उत्तर. तिसरा विचारायचा, अक्षराचाही फरक नाही. मग शंख फुंकला जायचा. मांडवातल्या बाया पदर पसरायच्या, म्हातारे गालांवर मारून घ्यायचे. डोंगराकडच्या वाड्यांतून देवाला कौल लावायची रीत जुनी. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि एकदा पडून भागत नाही, कौल तीनदा पडावा लागतो. इथे तर तीन तोंडांनी पडत होता. मग कुणाची काय बिशाद शंका घ्यायची?

मागच्या खांबाला टेकून कुणाली उभी होती, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

कुणाली सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या करवंदवाडीची. शिकली, शहापुरात खोली घेतली आणि वेबसाइटी बनवायच्या धंद्याला लागली. तान्सा तलावाच्या बाजूला शेतघरं आणि रिसॉर्टं निघाली आहेत, ती तिची गिऱ्हाइकं. मुंबईच्या माणसाने फोनवर शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाचं नाव वर दिसावं, हे तिचं काम. तिची थोरली बहीण सावळी मात्र वाडीतच राहिली. नवरा भगीरथ, पोरगी काजल, थोडी भातशेती आणि बाकी मजुरी.

मागच्या भातकापणीत पेंढ्या बांधताना सावळीला घोणस चावली. भरदिवसा, सगळ्यांदेखत. भगीरथने तिला पाठीवर घेऊन रस्ता गाठला, एक जीप भाड्याने केली, फोन तोंडाशी धरला आणि विचारलं की कुठे नेऊ. फोनने सांगितलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मठाचा रस्ता मुरबाडावरून जातो. जीप सरकारी दवाखान्याच्या फाटकापुढे आली तेव्हा सावळी म्हणाली, दवाखाना हितंच हाय, मग पुढं कशाला? भगीरथने जीप थांबवली. क्षणभरच. मग फोनकडे बघितलं, आणि जीप पुढे काढली.

मठात महाराजांनी मंत्र म्हटले, पायाला मणी लावला. तो मणी म्हणजे जाळलेलं हाड. ओल्या जखमेला चिकटतं, सुकलं की गळून पडतं, आणि लोक म्हणतात विष पिऊन पडला. सावळीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा महाराजांनी वाटेला लावलं. उलट्या रस्त्याने तिला त्याच दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी सगळे उपाय केले. विषावरचं औषध तिथे होतं, पण ते घ्यायला सावळी पोचली फार उशिरा.

इथवर ऐकून कोणाला वाटेल की भगीरथ मठावर दगड घेऊन धावला असेल. छे! तो दर सोमवारी मठात झाडू मारायला जायला लागला. महाराजांनी त्याला पटवलं होतं की विष उतरलंच होतं, पण तू दवाखान्यापुढे जीप थांबवलीस ना, तुझ्या मनात शंका आली, त्या शंकेनं मंत्र फुटला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. आणि तो बिचारा माणूस मांडवात उभा राहून, हात जोडून, शेकडो लोकांपुढे सांगायचा की माझ्या शंकेनं माझी बायको गेली, तुमी शंका घेऊ नका.

त्या सोमवारी कुणालीने ते पहिल्यांदा कानांनी ऐकलं. काजल बापाच्या शर्टाला धरून शेजारी उभी होती.

खोलीवर येऊन कुणालीने मठाची वेबसाइट उघडली. वर दिसत होते ते महाराजांचे फोटो आणि आरत्या. पण पानाला दोन तोंडं असतात. एक माणसांसाठी, दुसरं यंत्रासाठी. यंत्राला फोटो बघून काही कळत नाही, म्हणून पानाच्या पोटात त्याला वाचता येतील अशा चिठ्ठ्या लावून ठेवतात. हे नाव, हा पत्ता, हे उघडण्याचे तास, हे तारे, हा लोकांचा प्रश्न आणि हे त्याचं उत्तर. धंद्यात त्याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. कुणाली रोज तेच करते. बरणीवर मीठ अशी चिठ्ठी लावली की यंत्र मीठ समजतं, झाकण उघडून चाखत नाही. तिने मठाच्या पानाचं पोट उघडलं. प्रकार: रुग्णालय. डॉक्टर: विषहरनाथ. विशेष: सर्पदंश. वेळ: चोवीस तास. प्रश्न: साप चावला तर काय करू? उत्तर: रुग्णाला ताबडतोब या केंद्रात न्यावं.

म्हणजे देवाची वाणी इथे टाइप करून ठेवली होती. अख्ख्या तालुक्यात मराठीत हा प्रश्न आणि हे उत्तर असं मांडून ठेवणारं दुसरं पानच नव्हतं. दवाखान्याची माहिती होती, पण कुठल्याशा मोठ्या पानाच्या तळाशी, इंग्रजीत, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. यंत्राने बिचाऱ्याने हाताला लागलं ते वाचून दाखवलं. शर्यतीत एकच घोडा असला की पहिला तोच येणार.

खाली परीक्षणं होती, म्हणजे बरे झालेल्यांचे शब्द. दिवड चावलेले, धामण चावलेले, बिनविषारी साप चावून आपोआप जगलेले लोक त्यात असणार, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडलेली. बाकीची बनवलेली. कुणाली खाली खाली वाचत गेली आणि एका ठिकाणी तिचा हात थांबला. ते तिने पुन्हा वाचलं. मग उठून दाराला कडी लावली आणि मोठ्याने रडली, आणि रडताना शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी तिने तक्रार केली. शोधयंत्रवाल्यांकडून आभाराचं छापील उत्तर आलं. ती पोलिसांकडे गेली. तिथल्या हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं. साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा आपल्या राज्यात गुन्हाच आहे, त्यासाठी कायदा आहे, पण ज्याची बायको गेली तो काय म्हणतो, असं त्याने विचारलं. ज्याची बायको गेली तो मठात झाडू मारत होता.

वेबसाइट बनवली होती हरेशने. शहापुरातच त्याचं दुकान, एकाच क्लासला दोघं शिकले होते. कुणाली थेट त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. तो आधी हसला, मग म्हणाला, क्लायंट देतो ते मी भरतो.

"तू काय सोवळी आहेस?" तो म्हणाला. "तू नाय लावत रिसॉर्टांना तारे?"

"खोट्या ताऱ्यांच्या रिसॉर्टात गेलं तर फार तर गादीत ढेकूण निघतो, हरेश. तुझ्या ताऱ्यांच्या मागे माझी बहीण गेली."

त्याने मान खाली घातली, पण पान काही काढलं नाही. महाराजांची पुढची वेबसाइटही त्यालाच मिळायची होती. कुणालीला वाटलं, समोरचा कॉम्प्युटर उचलून याच्या डोक्यात घालावा. घातला नाही एवढंच.

ती वाडीत गेली. भगीरथ ओसरीवर बसला होता. तिने समजावून बघितलं, चिठ्ठ्या सांगितल्या, बरणी सांगितली. तो ऐकत होता, पण त्याचे डोळे कुठेतरी लांब होते. शेवटी म्हणाला, "तू शिकलेली हायस, तुला बोलता येतं. पण फाटकापुढं जीप मी थांबवली. तू नव्हतीस तिथं." आणि मग काजलकडे बघून, अगदी साधेपणाने, त्याने सांगितलं की पोरीला कधी काही चावलं तर तो या खेपेला कुठेही न थांबता मठात नेईल.

भातकापणी दर वर्षी येते. पोरगी उद्या बापाबरोबर शेतात जाणार.

परत निघताना तिला चांगो आजा भेटला. वाडीतला सगळ्यांत म्हातारा माणूस. देवळात कौल लावताना बाजूला उभा राहून नीट लागतोय का ते बघायचं काम कैक वर्षं त्याच्याकडे होतं. तोही मठात जायचा, पुढच्या रांगेत बसायचा. कुणालीने त्याच्यापुढेही डोकं फोडलं. आजाने बिडी विझवली आणि तिला वेड्यात काढलं.

"तीन फोन गो, तीन माणसांचे," तो म्हणाला. "महाराजाचा हात लागला का कुठं? नाय ना? आमच्या कौलाचा नियम हाच. ज्याचं गाऱ्हाणं, त्यानंच पाकळी चिकटवायची. पुजाऱ्याचा हात नको. पुजारी लबाड असला तर डावी झाडाच्या चिकानं लावील न् उजवी नुसत्या पाण्यानं. मग उजवीच पडणार, घे देवाचा हो! म्हणून पाकळी कोणी चिकटवली ते आधी बघायचं."

कुणाली वाटेतच उभी राहिली. पाकळी सुकली की पडते, देवाचा त्यात काय संबंध, हे तिचं मत लहानपणापासूनचं. पण या अंगठेबहाद्दर म्हाताऱ्यांनी पुजाऱ्याचा हात तरी ओळखला होता. मठातही त्यांनी तेच बघितलं होतं. हात फोनला लागतो का ते बघितलं, आणि नाही लागला म्हणून निश्चिंत झाले. फोन म्हणजे देवाची मूर्ती धरून चालले होते ते. पाकळी भलतीकडे, मठाच्या पानाच्या पोटात होती, तिथे कोणाची नजरच गेली नव्हती.

"आजा," ती म्हणाली, "पाकळी कुणी चिकटवली ते मी दाखवलं तर बघशील?"

"बघायचं कामच केलं ना मी जन्मभर," आजा म्हणाला.

कुणालीने घरी जाऊन आईचं मुसळ मागून घेतलं. आई म्हणाली, कशाला गो? कुणाली म्हणाली, देव करायचाय.

तिने मुसळाला शेंदूर फासला, फोटो काढला आणि मुसळोबा देवस्थान या नावाचं पान बनवलं. त्याच्या पोटात मठाच्याच पद्धतीने चिठ्ठ्या लावल्या. प्रकार, पत्ता, तारे, वेळ, प्रश्न आणि उत्तर. प्रश्न असा शोधून काढला, की ज्याला मराठीत कोणी उत्तर लिहून ठेवलेलं नसेल आणि ज्याने कोणाचं वाटोळं होणार नाही. मग वाट बघत बसली. यंत्र असं पान लगेच उचलत नाही, सवडीने येऊन वाचून जातं. सावळीनंतरची पहिली संक्रांत तशीच गेली. शिमग्याच्या आधी एके दिवशी तिने फोनला तो प्रश्न विचारला, आणि फोनातली बाई मुसळोबाचं नाव बोलली. कुणालीला हसूही आलं आणि शिसारीही. इतकं सोपं होतं ते. इतक्या सोप्या गोष्टीने तिची बहीण नेली होती.

पुढच्या सोमवारी ती चांगो आजाला घेऊन मठात गेली. खांद्याला लांब पिशवी. कौल झाला, शंख झाला, पदर पसरले गेले. महाराज खुशीत होते. तेव्हा ती उठून उभी राहिली आणि म्हणाली की मला पण एक गाऱ्हाणं घालायचंय, याच तीन फोनांपुढे.

महाराजांनी दाढीवरून हात फिरवला. "विचार बाळ, विचार. यंत्र सर्वज्ञ आहे!"

तिने पहिल्या फोनवाल्याला प्रश्न सांगितला. त्याने तो विचारला, कोंबडा पहाटे आरवत नसेल तर काय करावं? मांडवात खसखस पिकली. फोनातली बाई त्याच गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या जवळ मुसळोबा देवस्थान कोंबडा उपचार केंद्र आहे. पाचपैकी पाच तारे. सध्या उघडं आहे. कोंबड्याला मुसळोबाभोवती पाच फेऱ्या घालाव्यात."

हसू थांबलं. दुसऱ्या फोनने तेच सांगितलं. तिसऱ्यानेही तेच.

एक बाई हात जोडायला लागली, शेजारणीने तिचे हात खाली ओढले. कुणालीने पिशवीतून शेंदूर फासलेलं मुसळ काढलं आणि झेंडूच्या फुलांत, तीन फोनांच्या मधोमध ठेवलं.

"हा मुसळोबा," ती म्हणाली. "माझ्या आईचं मुसळ. यानं आम्ही वर्षानुवर्षं मिरच्या कांडल्यात. पाच तारे मीच दिले, उत्तर मीच लिहिलं. फोनानं वाचून दाखवलं. फोनाला खरं-खोटं कळत नाय, लिहिलेलं कळतं. आणि तीन फोन म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. तिघांनी एकच कागद वाचला."

चांगो आजा काठी टेकत उठला. म्हातारा चौरंगापर्यंत गेला, मुसळाकडे बघितलं, फोनांकडे बघितलं, मग महाराजांकडे.

"मुसळाची पाकळी पोरीनं चिकटवली," तो म्हणाला. "ती सांगते हो म्हणून. महाराज, तुमची कोणी चिकटवली?"

महाराजांना घाम फुटला. आणि मग ते सुरू झाले. ही पोरगी नास्तिक आहे, धर्म बुडवायला निघाली आहे, हिला कोणी पाठवलं ते बघा. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण त्यांनी बोट केलं ते भगीरथकडे. तो बाजूला झाडू घेऊन उभा होता.

"याला विचारा!" महाराज ओरडले. "शंकेचं फळ काय मिळतं ते या पाप्याला विचारा! बायको गमावली याने शंकेपायी!"

कुणालीने ठरवलं होतं की ती एक गोष्ट चारचौघांत वाचायची नाही. भगीरथला एकट्याला घेऊन, जवळ बसवून सांगायची. पण पापी हा शब्द ऐकला आणि तिचा तोल गेला. तिने फोनवर मठाच्या पानाचं पोट उघडलं आणि वाचायला लागली. यात लिहिलंय, हे रुग्णालय आहे. कुठे आहे खाट? यात लिहिलंय, विषहरनाथ डॉक्टर आहेत. कुठल्या कॉलेजचे? आणि हे बरे झालेल्यांचे शब्द.

"माझ्या बायकोला घोणस चावली होती," तिने वाचलं. "महाराजांच्या कृपेने ती ठणठणीत बरी होऊन घरी आली. पाच तारे. भगीरथ, करवंदवाडी."

तारीख सावळी गेली त्याच आठवड्यातली होती. तिने तीही वाचली.

भगीरथच्या हातातला झाडू खाली पडला. तो चौरंगापाशी आला. ओरडला नाही.

"घरी आली?" त्याने महाराजांना विचारलं. "माझी सावळी घरी आली? कुठल्या घरी आली ती, महाराज?"

महाराजांच्या गालावरचा माईक चालू होता, त्यातून त्यांचा श्वास तेवढा सगळ्या मांडवाला ऐकू येत होता.

मग गलका झाला. काही पोरं महाराजांच्या अंगावर धावली. कुणाली मध्ये पडली. हात लावू नका, ती म्हणाली, कायदा आहे, तो लावायचा. मार खाल्ला की हा उद्या हुतात्मा होईल. अर्धी माणसं शिव्या घालत बाहेर पडली. उरलेली अर्धी प्रसाद घेऊन गेली, हेही सांगायला हवं, कारण खरं तेच आहे. त्यांतला एकजण जाता जाता म्हणाला की मुसळोबा पण जागृत दिसतोय. त्याला काय करणार!

भगीरथने पोलिसांत जबाब दिला. मठाला कुलूप लागलं, हरेशने पान उतरवलं आणि त्यालाही चौकशीला जावं लागलं. महाराज जामिनावर सुटले. कज्जा चालू आहे. मुसळोबाचं पान कुणालीने त्याच दिवशी पुसून टाकलं आणि मुसळ घासून आईला परत दिलं.

पण भगीरथ घरी येऊन बसला तो उठेना. शंकेचं खोटं ओझं उतरलं होतं, आणि त्याच्या जागी खरं येऊन बसलं होतं. कुणाली याचीच धास्ती घेऊन होती. एके दिवशी तो म्हणाला, "म्हणजे मी थांबवली ती चूक नव्हती. पुढं काढली ती चूक."

कुणाली त्याच्याशेजारी बसली. खोटं बोलायचं तर आत्ता बोलता आलं असतं. "हो भावोजी," ती म्हणाली. "पण रस्त्यावरची पाटी कुणी उलटी फिरवून ठेवली, तर वाट चुकणाऱ्याला फाशी देत नाहीत. पाटी फिरवणाऱ्याला धरतात." तो खूप रडला. काजलने आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला.

त्या पावसाळ्यात कुणालीने आणखी एक पान बनवलं. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांकडून एकेक वाक्य तपासून घेतलं आणि त्याच चिठ्ठ्या, त्याच रीतीने, खऱ्या मजकुरावर लावल्या. विद्या तीच होती. सुरीने भाजी चिरतात आणि गळाही. भात पिकायला लागलं तोवर फोनातली बाई नवं उत्तर द्यायला लागली होती.

कापणीच्या तोंडावर ती वाडीत आली. ओसरीवर चार माणसं जमली होती, चांगो आजाही होता. तिने भगीरथला फोन दिला. त्याने बऱ्याच दिवसांनी तो प्रश्न विचारला. फोन म्हणाला, "एकशे आठला फोन करा. रुग्णाला चालवू नका, हात-पाय हलू देऊ नका. जखम कापू नका, घट्ट बांधू नका, बांगड्या-जोडवी काढा. मंत्र, मणी यांत वेळ न घालवता जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. विषावरचं औषध तिथे मिळतं."

कुणालीला वाटलं, भगीरथ आता हात जोडेल. त्याने जोडले नाहीत. फोन खाली ठेवला आणि तिच्याकडे रोखून बघितलं.

"ही पाकळी कोणी चिकटवली?"

"मी," कुणाली म्हणाली.

"मग मी तुझ्यावर तरी का विश्वास ठेवू?"

क्षणभर तिच्या मनाला लागलं. आणि लगेच इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं. "ठेवू नका," ती म्हणाली. "दवाखान्यात जा आणि विचारून या."

तो खरंच गेला. काजलचं बोट धरून मुरबाडला गेला. सावळीला नेल्यापासून त्या फाटकापुढे तो कधी थांबला नव्हता. तिथे तो थांबला, आणि या खेपेला आत गेला. औषध आहे का विचारलं, कुठे ठेवता विचारलं, सुट्टीच्या दिवशी कोण असतं तेही विचारलं. नर्सने कपाट उघडून बाटल्या दाखवल्या. त्याने काजललाही दाखवल्या.

संध्याकाळी वाडीतल्या माणसांना तो म्हणाला, "खरं हाय. मी डोळ्यानं बघून आलो. पण माझं पण ऐकू नका, तुमी जाऊन बघा. फोन बोलू दे, बाबा बोलू दे, शिकलेली पोरगी बोलू दे, विचारायचं, कोणी सांगितलं, कशावरून सांगितलं. विचारलं म्हणून कोण मरत नाय."

काजल त्याच्या मांडीवर झोपायला आली होती.

"सावळीनं विचारलं होतं," तो म्हणाला. "दवाखाना हितंच हाय, मग पुढं कशाला, म्हणून. आमी तिचं ऐकलं नाय. आता कोणी विचारलं तर ऐका."